सातबाऱ्यापासून सुरुवात करा: गावातून कौटुंबिक कायदा आणि मानवी हक्क शिकताना

सातबारा वाचता येत नसेल तर हिंदू वारसा कायद्याचं पुस्तक विकत घेऊ नका. आधी घरच्या पेटीतला जुना सातबारा काढा आणि आजोबांनंतर कोणाकोणाची नावं चढली ते बघा. बापाचं असेल, काकाचं असेल. आत्याचं नाव एकदा चढून मग त्याला कंस झालेला, म्हणजे ते कमी केलेलं दिसेल, आणि बाजूला फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. तलाठ्याकडे जाऊन त्या फेरफाराची नक्कल मागा. त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं की अमुक हिने स्वखुशीने हक्क सोडला. ती स्वखुशी कशी आली ते आत्याला विचारा, आणि ती सांगेल ते वहीत उतरवा. कॉलेजात नाव घालायच्या आधीच तुमचा पहिला धडा झाला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सोळा वर्षांपासून वकिली करते. बाप चार एकर कोरडवाहूचा कास्तकार, आई अंगणवाडीत मदतनीस. माझं ऑफिस म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मागची दहा बाय दहाची खोली. बारावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी बाप पोरीला घेऊन तिथे येतो. "मॅडम, इले वकील करायचं हाये. थे फॅमिलीचं अन् मानवी हक्काचं शिकायचं म्हन्ते." मग मी चहा सांगते आणि जे बोलते, ते इथे लिहीत आहे. पोरांनाही तेच लागू आहे, पण माझ्याकडे पोरीच जास्त येतात.

प्रवेशाचं पटकन सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हीसाठी राज्याची वेगवेगळी प्रवेश परीक्षा, सीईटी असते, पेपर मराठीतही मिळतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आधीच्या परीक्षेत खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. नागपूर, अमरावती, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, सगळीकडे लॉ कॉलेजं आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट ही देशपातळीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती इंग्रजीत असते. मी बीए करून तीन वर्षांचं लॉ केलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. अठराव्या वर्षी मला नवरा-बायकोच्या भांडणातलं काही समजलं नसतं.

जात वैधतेचा अर्ज मात्र बारावीत असतानाच टाका. आजोबाचा शाळेचा दाखला सापडत नाही, मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढायला तहसीलमध्ये खेटे, मग जुनं अक्षर लागत नाही, आणि तोवर प्रवेशाची फेरी निघून गेलेली असते. हुशार पोरींचं वर्ष या एका कागदापायी गेलेलं मी बघितलं आहे.

कलम दोन

आता अभ्यासाकडे येऊ. कौटुंबिक कायदा म्हटलं की सगळे घटस्फोटाची कारणं पाठ करतात. मीही केली होती. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३, क्रूरता, परित्याग, सगळं तोंडपाठ. विद्यापीठाच्या परीक्षेत त्या पेपरला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

२०११ ची गोष्ट. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. एका गोंड पाड्यावरची बाई आली, नवऱ्याने दुसरी करून हिला माहेरी सोडलेलं. मी झोकात कलम १३ खाली घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. समन्स निघालं, बेलीफ दोनदा हात हलवत परत आला, तिसऱ्यांदा बजावणी झाली. सात-आठ महिने असे गेले. मग समोरचे वकील उभे राहिले. म्हातारे, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारे. त्यांनी युक्तिवाद केलाच नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "मॅडम, कलम दोन वाचलं होतं का?"

मी वाचलं नव्हतं. कलम २, उपकलम २: केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. १९५६ च्या वारसा कायद्यातही तीच ओळ आहे. म्हणजे गोंड, कोलाम, परधान, कोरकू, माडिया, ज्यांच्यामुळे निम्म्या विदर्भाचा नकाशा भरतो, त्यांची लग्नं आणि वारसा त्यांच्या रूढीप्रमाणे. रूढी सांगायची असेल तर ती अर्जात मांडावी लागते आणि साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात सूरजमणी स्टेला कुजूर यांच्या खटल्यात नेमकं हेच घडलं. संथाल नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध उरांव बायकोची तक्रार टिकली नाही, कारण दुसरं लग्न जमातीच्या रूढीने बाद ठरतं हे सिद्ध झालं नव्हतं.

मी अर्ज मागे घेतला आणि पोटगीचा व घरगुती हिंसाचाराचा असे दोन अर्ज टाकले, कारण ते कायदे जात-धर्म-जमात बघत नाहीत. तोवर अकरा पेश्या, म्हणजे तारखा होऊन गेल्या होत्या आणि अकराही वेळा एसटीचं भाडं तिने भरलं होतं. मी फी परत केली. भाडं द्यायचं मला तेव्हा सुचलं नाही.

म्हणून कोणताही कायदा हातात घेतला की पहिली तीन पानं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या वहीत ते असं आहे. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शिखांनाही लागू. आपल्याकडे बौद्ध लग्नात सप्तपदी नसते, तरी ते लग्न पक्कं, कारण कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रूढीचे विधी पुरतात. मुसलमानांसाठी १९३७ चा शरियत कायदा, बाईला तलाक मागायचा असेल तर १९३९ चा, आणि तीन तलाकवर बंदी घालणारा २०१९ चा. ख्रिस्ती लग्नाला १८७२ चा, घटस्फोटाला १८६९ चा. कोणत्याही दोघांना लग्न करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. यात ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, आणि पळून आलेल्या पोरापोरींना तेच ३० दिवस सगळ्यांत जड जातात.

आदिवासी मुलींच्या जमिनीबाबत अलीकडचा एक निकाल पूर्ण वाचा: राम चरण विरुद्ध सुखराम, १७ जुलै २०२५. छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाचा वाद. खालच्या कोर्टांनी बायकांकडे पुरावा मागितला होता की बाईला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्नच उलटा केला. बाईला वगळणारी रूढी असल्याचं दिसत नसेल, तर ती वगळलेली आहे असं गृहीत धरता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरला मी हा निकाल वाचायला देते आणि दुसऱ्या दिवशी कलम दोनबद्दल विचारते.

फारकतीचा कागद

गावात घटस्फोट कोर्टात होतच नाही, स्टॅम्पवर होतो. आधी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा, आता पाचशेच्या. दोन्हीकडचे पंच, नोटरीचा शिक्का, 'आजपासून आमचा काही संबंध नाही', दोन अंगठे. काडीमोड म्हणा, फारकती म्हणा. पाच-सात वर्षांनी बाईचं दुसरं लग्न मोडतं, ती पोटगी मागायला येते, आणि दुसरा नवरा तोच कागद पुढे करतो की हिचा पहिला घटस्फोट कायदेशीर नाही, म्हणजे ही माझी बायकोच नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. पण त्या जातीत तशी रूढी पूर्वापार चालत आली आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे रूढी नव्हे. तुम्ही लॉच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर आपल्या गावात अशा किती फारकती झाल्या ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना तपशील माहीत असतो, कोणाची काडी कोणासमोर मोडली इथपर्यंत. कोर्टात साक्षीदार म्हणून हीच माणसं लागतात, आणि दरवर्षी ती कमी होत चालली आहेत.

पोटगीच्या अर्जात सगळं शास्त्र आहे

माझं ऐकाल तर कौटुंबिक कायदा पोटगीपासून शिका. आमच्याकडे तिला खावटी म्हणतात, खाण्यापुरता पैसा म्हणून. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागतात. आधीचं १२५ अजून सगळ्यांच्या तोंडात आहे, आमच्या कोर्टातले शिपाईसुद्धा 'एकशेपंचवीसवाली' म्हणूनच पुकारतात. बायको, पोरं, आणि म्हातारे आईबापही मागू शकतात. घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणारा शाहबानोचा निकाल १९८५ चा, त्यावर १९८६ चा कायदा, त्या कायद्याचा अर्थ लावणारा दानियल लतिफीचा निकाल २००१ चा, आणि मुस्लिम बाईलाही हे कलम खुलं आहे असं पुन्हा सांगणारा मोहम्मद अब्दुल समदचा निकाल जुलै २०२४ चा. हे चारही एकापाठोपाठ वाचा. संसद आणि कोर्ट एकमेकांशी कसं बोलतात हे त्यातून जेवढं कळतं तेवढं कोणत्याही गाईडमधून कळत नाही.

पण खरी शिकवणी ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं ठरवून दिलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली. निकालाच्या शेवटी शपथपत्राचे नमुने जोडलेले आहेत. शहरातले वकील पहिला नमुना वापरतात, तो नोकरी-धंदेवाल्यांचा. दुसरा नमुना शेतीवाल्यांचा आहे, आणि आपल्याकडे बरेच जण तो उघडतच नाहीत. जमीन किती, ओलीत की कोरडवाहू, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, दुसऱ्याची जमीन बटईने केली का, जनावरं, जमिनीवरचं कर्ज. वावरातली माणसं जे बांधावर बसून बोलतात तेच सगळं तिथे विचारलं आहे.

एका प्रकरणात नवऱ्याने लिहिलं, तीन एकर कोरडवाहू, त्यातही नापिकी, मी मजुरीला जातो. बाई म्हणाली, "खोटं बोलते थो. हीर हाये वावरात, मीच तिथं ओलीत करत होती." मी सातबारा काढला. वरचा अर्धा भाग गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाची. खालचा नमुना बारा, म्हणजे त्यात काय पेरलं. नमुना बाराला जलसिंचनाच्या साधनाचा एक रकाना असतो. त्यात ई-पीक पाहणीत त्याने स्वतःच्या मोबाइलवरून भरलं होतं: विहीर. पिकात हळद आणि गहू. उलटतपासात मी एकच विचारलं, कोरडवाहू वावरात हळद कशी काय घेता? त्याने आपल्या वकिलाकडे बघितलं, आणि वकिलांनी फाइलीत.

म्हणून सराव असा करा. आपल्या ओळखीच्या एका शेतकरी घराचं ते शपथपत्र खोटं नाव घालून पूर्ण भरा. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, कापूस विकल्याची पावती, सगळे कागद जोडा. एका शपथपत्राला मला पहिल्यांदा चार दिवस लागले. तुम्हालाही लागतील. आणि वहीत हेही लिहा: हुकूम झाला म्हणजे पैसा आला असं नाही. नवरा भरत नसेल तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. बायका दोन-दोन वर्षं वाट बघतात, भाऊ मध्ये पडतो, 'देईल थो', आणि मागची रक्कम बुडते.

बहिणीची सही

मुलीचा जमिनीतला हक्क परीक्षेला नक्की येतो, आणि ऑफिसातही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला होता, पण त्या वर्षी २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना सोडून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना दिला. बाप त्या दिवशी जिवंत असायला हवा का, यावर पंधरा वर्षं गोंधळ चालला आणि तो ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्माच्या निकालाने मिटला: गरज नाही, हक्क जन्माने आहे. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. या तारखा पाठच करा, यात समजून घेण्यासारखं फार नाही.

समजून घ्यायचं आहे ते दुसरं. भाऊबीजेला साडी येते आणि त्याच आठवड्यात गाडी येते, तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसला न्यायला. बहीण हक्कसोड करून देते. तिला हक्क माहीत नसतो असं नाही. माहेर तुटेल ही भीती असते, आणि ती भीती खोटी नसते. एका बाईला मी कायदा समजावून सांगितला तर ती म्हणाली, "मॅडम, वाटा घेतला तर आखाडीले कोन बोलावन मले?" माझ्याकडे त्याला कलम नव्हतं. सही करायची की नाही हे तिने ठरवायचं. वकिलाचं काम एवढंच की सही करण्याआधी तिला कागद वाचून दाखवावा, किंमत सांगावी आणि भाऊ खोलीच्या बाहेर असावा.

शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात हाच प्रश्न जास्त कठीण होतो. शासनाची १ लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हे २००६ पासून चालत आलं आहे. पण प्रकरण पात्र की अपात्र यावर सासरचं वागणं बदलतं. आता हे गणित सोडवून बघा: जमीन सासऱ्याच्या नावावर, नवरा गेला, पदरात दोन लेकरं, सासरा म्हणतो माहेरी जा. बाईला काय काय मिळू शकतं? घरात राहायचा हक्क २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या वाट्यात ती, लेकरं आणि सासू वारस. दत्तक आणि पोटगी कायदा १९५६ च्या कलम १९ ने सासऱ्याकडून पोटगी, ती पुन्हा लग्न करेपर्यंत. सासरा मेला तर आधी मेलेल्या मुलाची विधवा म्हणून पुन्हा पहिल्या वर्गातली वारस. चार हक्क, एक बाई. कॉलेजात हे चार वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवतात.

मानवी हक्कांचा पेपर

या पेपरात पोरं जिनिव्हा आणि न्यूयॉर्कमध्ये अडकतात. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा, त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसं' हे शब्द हंसा मेहतांच्या आग्रहाने आले, कलम १६ लग्न आणि कुटुंबाचं. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार १९७९ चा, भारताने तो १९९३ ला मान्य केला, पण वैयक्तिक कायद्यांबाबत हात राखून. हे वाचा, आणि राखलेला हात कुठे आहे ते नीट वाचा. तिथेच कौटुंबिक कायदा आणि मानवी हक्क एकमेकांना भिडतात.

मग ताबडतोब घरी या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. ती ठाण्यात का गेली होती? तिच्या भावाने तक्रार दिली होती, तिच्या लग्नाच्या भानगडीवरून. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं, अंगावर खुणा नव्हत्या म्हणून संमती धरली. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर कोर्टाने ते गृहीत धरायचं. खंडपीठाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा, दोन्ही निकाल समोरासमोर ठेवून वाचा. तेच साक्षीपुरावे, तीच मुलगी. कोणत्या वाक्यावर दोन निकालांच्या वाटा वेगळ्या झाल्या तिथे पेन्सिलीने रेघ मारा. मानवी हक्कांवर याहून मोठा व्याख्यानवर्ग मला माहीत नाही.

बाकी यंत्रणेचं थोडक्यात. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा, त्यातली मानवी हक्कांची व्याख्या पाठ करा. राष्ट्रीय आयोग दिल्लीत, राज्याचा मुंबईत. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून एका वर्षात करायची. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. हे पक्षकाराला आधीच सांगा, नाहीतर तो आयोगाचं पाकीट आलं की जिंकलो समजतो.

आणि वनहक्क कायदा २००६ सोडू नका. जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण कलम ४ चं चौथं उपकलम फार थोड्यांनी वाचलेलं असतं: लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. ज्या बाईला वारसा कायदा लागूच नाही, तिचं नाव जमिनीच्या कागदावर आणणारी ही ओळ आहे. आपल्या भागातले पट्टे बघा आणि दुसरं नाव खरंच आहे का ते मोजा. कॉलेजच्या प्रकल्पाला विषय शोधत फिरायची गरज नाही.

भाषा, आणि कोर्टात बसणं

तालुका कोर्ट मराठीत चालतं, हायकोर्ट इंग्रजीत. दोन्ही लागतात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा आणि केंद्रीय कायद्यांच्या इंग्रजी-मराठी अशा दोन्ही भाषांतल्या आवृत्त्या वापरा. पण कोशातला शब्द आणि कोर्टातला शब्द एकच असेल असं धरू नका. पुण्याकडे 'तारीख' पडते, आपल्याकडे 'पेशी'. जबाबाला 'बयाण' म्हणतात. लेखी म्हणण्याला सगळे 'से' म्हणतात. इंग्रजीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निकाल फुकट आहेत, काहींची मराठी भाषांतरंही आहेत. रोज एक पान मोठ्याने वाचा. मी गोठ्यात वाचायची, म्हशीने कधी हरकत घेतली नाही.

पहिल्या वर्षापासून तालुका विधी सेवा समितीत जा. विधी सेवा कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हे गावात सांगणं हेसुद्धा काम आहे, आणि १५१०० हा नंबरही. तिथे विधी स्वयंसेवक होता येतं. घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यासोबत बसून घरगुती घटना अहवाल भरायला शिका. पहिली पेशी साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली निघावा असं तो कायदा म्हणतो. आमच्याकडे किती लागतात ते रोजनामा बघून तुम्हीच मोजा. नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो, परवानगी लागते. तालुक्याच्या पोरींना हे वाचून धक्का बसतो.

एक सांगायचं राहिलं. बाईला फोन करताना घाई करू नका. फोन बहुतेक तिचा नसतो, नवऱ्याचा, दिराचा किंवा पोराचा असतो. पहिल्या भेटीतच विचारा की कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर आणि काय सांगून फोन करू. माझ्या एका ज्युनिअरने 'वकील मॅडमच्या ऑफिसातून बोलते' म्हणून फोन केला, तो सासूने उचलला. त्यानंतर आम्ही 'बचत गटातून' फोन करतो.

सनदेचं: नोंदणी फी सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याहून जास्त कोणी मागितली तर पावती मागा. मग अखिल भारतीय बार परीक्षा, १०० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, टिपा नसलेला मूळ कायदा सोबत नेता येतो. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या निकालाप्रमाणे आधी तीन वर्षं वकिली, म्हणजे ही तालुक्याची वर्षं वाया जात नाहीत.

पहिल्या वर्षी कमाईचा विचार घरी आधीच सांगून ठेवा. मला पहिल्या वर्षी एका पक्षकाराने फी म्हणून पायलीभर तूर दिली होती आणि आईला वाटलं आता सुरू झालं. काळा कोट मात्र एकच शिवा, चांगला, हलक्या कापडाचा. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नसते, तशी सूट बार कौन्सिलच्या नियमात आहे. पांढरे बँड दोन जोड्या घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात एक जोडी दुपारपर्यंतच टिकते.